स्थलांतरावरचा विद्यापीठीय कार्यक्रम: प्रश्न ठरवण्यापासून नोंदी पुसण्यापर्यंत

स्थलांतर, संस्कृती किंवा जागतिक अभ्यास यावर विद्यापीठात कार्यक्रम घ्यायचा ठरला की पहिल्याच बैठकीत ‘स्थलांतर: आव्हाने आणि संधी’ अशा धर्तीचं शीर्षक पुढे येतं. या शीर्षकाखाली कोणीही वक्ता बसतो आणि कोणतंही भाषण खपतं. मग चार वक्ते चार दिशांना बोलतात आणि श्रोत्यांच्या हाती काही लागत नाही. त्यातच ज्यांच्याविषयी हे सगळं चाललेलं असतं ती माणसं एकतर सभागृहात नसतात, नाहीतर आपली करुण कहाणी सांगण्यापुरती मंचावर आणली जातात. खालच्या बहुतेक सूचनांचा रोख हे दोन दोष टाळण्यावर आहे. एक दिवसाचं चर्चासत्र, दोन-तीन सत्रं, सोबत एखादं प्रदर्शन किंवा चित्रपट, आणि हाताशी सहा महिने, असा आकार समोर ठेवून हे लिहिलं आहे.

विषय नको, प्रश्न ठरवा

‘स्थलांतर आणि भाषा’ हा विषय झाला. ‘स्थलांतरित कुटुंबातली मुलं घरची भाषा कोणत्या वयात सोडू लागतात आणि त्यात शाळेचा वाटा किती?’ हा प्रश्न झाला. ‘निर्वासितांचे हक्क’ हा विषय. ‘अर्जाचा निकाल लागेपर्यंत आश्रयार्थींना नोकरी करू द्यावी का?’ हा प्रश्न. विषयाचा प्रश्न करताना तीन गोष्टी नेमक्या कराव्या लागतात: कोणाचं स्थलांतर, कुठून कुठे, आणि कोणत्या काळातलं. तिन्ही मोकळ्या सोडल्या तर चर्चा भरकटते. तिन्ही घट्ट आवळल्या तर ती एका शोधनिबंधाची बैठक होऊन बसते. दोन नेमक्या करून तिसरी सैल ठेवली की बहुतेक वेळा जमतं.

प्रश्न पक्का करण्याआधी तो दोन वेगळ्या विभागांतल्या प्राध्यापकांना विचारून पाहा, उदाहरणार्थ कायदा आणि मानववंशशास्त्र, किंवा अर्थशास्त्र आणि साहित्य. दोघांनी एकच उत्तर दिलं तर त्यावर सत्र घेण्यात अर्थ नाही. एकाला त्यावर बोलायला काहीच सुचलं नाही तर प्रश्न फार अरुंद झाला आहे. दोघांत मतभेद निघाला, पण एकमेकांचं म्हणणं कळलं, तर प्रश्न योग्य आहे. हा मतभेद तिथल्या तिथे टिपून ठेवा. सूत्रसंचालकाला पुढे त्याचाच आधार लागतो.

संज्ञा आणि आकडे आधी तपासा

निमंत्रणपत्रिकेतली पहिलीच ओळ चुकली तर जाणकार श्रोता तिथेच दुरावतो. निर्वासित, आश्रयार्थी, स्थलांतरित आणि देशांतर्गत विस्थापित हे चार शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

१९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याच्या सबळ भीतीपोटी आपल्या देशाबाहेर असलेली आणि त्या देशाचं संरक्षण घेऊ न शकणारी किंवा त्या भीतीमुळे घेऊ न इच्छिणारी व्यक्ती. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. ती मर्यादा १९६७च्या पूरक कराराने काढली. सगळे देश या कराराचे पक्षकार नाहीत, त्यामुळे एका देशातल्या वक्त्याने सांगितलेला नियम दुसऱ्या देशाला लागू आहे असं धरून चालू नका. आश्रयासाठी केलेल्या ज्याच्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही तो आश्रयार्थी. सीमा न ओलांडता स्वतःच्याच देशात घर सोडावं लागलेली व्यक्ती देशांतर्गत विस्थापित. त्यांच्यासाठी १९९८ची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती स्वतः बंधनकारक करार नाहीत. ‘स्थलांतरित’ची सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही. आकडेवारीसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेहमीच्या वास्तव्याचा देश किमान १२ महिन्यांसाठी बदलणाऱ्याला दीर्घकालीन स्थलांतरित धरलं आहे.

आकड्यांत सगळ्यात जास्त घोळ साठा (एका वेळी असलेली एकूण संख्या) आणि प्रवाह (ठरावीक काळात हललेल्यांची संख्या) यांत होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२०च्या मध्यात जगात सुमारे २८ कोटी १० लाख आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते, म्हणजे लोकसंख्येच्या ३.६ टक्के. २०२४च्या मध्यासाठीचा अंदाज सुमारे ३० कोटी ४० लाखांचा आहे. हा साठा आहे. आज जन्मदेशाबाहेर राहणाऱ्या, पन्नास वर्षांपूर्वी आलेल्या माणसांसह सगळ्यांची ती बेरीज आहे. तोच आकडा ‘दरवर्षी इतके लोक देश सोडतात’ म्हणून भित्तिपत्रकावर चढतो आणि खोटा ठरतो. शिवाय बहुतेक देशांची मोजणी जन्मदेशावरून असते, काहींची नागरिकत्वावरून. दोन देशांचे आकडे शेजारी मांडताना मोजणी कशावरून झाली हे लिहाच. देशातल्या देशात हलणारी माणसं या आकड्यात धरलेलीच नाहीत.

प्रसिद्धीच्या मजकुरातून ‘लोंढे’, ‘लाट’, ‘पूर’ हे शब्द काढून टाका. तीच गोष्ट नकाशांची. एकाच देशाकडे रोखलेले जाडजूड लाल बाण चढाईचं चित्र उभं करतात. बाणाची जाडी संख्येच्या प्रमाणात ठेवा, परत जाणाऱ्यांचे बाणही दाखवा आणि रंग सौम्य निवडा.

तारीख

२१ फेब्रुवारी हा मातृभाषा दिन, २१ मे सांस्कृतिक विविधतेचा दिन, २० जून निर्वासित दिन आणि १८ डिसेंबर स्थलांतरित दिन. हे सगळे संयुक्त राष्ट्रांनी पाळायचे ठरवलेले दिवस आहेत आणि त्यांना चिकटून कार्यक्रम घेण्याचा मोह होतो. पण जून आणि डिसेंबरमधले दोन्ही दिवस अनेक विद्यापीठांत परीक्षा किंवा सुट्टीत सापडतात आणि सभागृह रिकामं राहतं. दिनविशेषापेक्षा शैक्षणिक सत्राचा मध्य बरा: अभ्यासक्रम सुरू होऊन पाच-सहा आठवडे झालेले आणि परीक्षा अजून दूर. ज्या समुदायातले वक्ते येणार त्यांचे सण आणि उपवासाचे दिवस त्यांनाच विचारून तारीख पक्की करा.

दूरदेशीचे वक्ते ऑनलाइन बोलणार असतील तर मार्चमध्ये आणि ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीस विशेष जपा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, तर युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या मधल्या काळात न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात नेहमीच्या पाचऐवजी चारच तासांचं अंतर असतं. प्रत्येक वक्त्याला त्याच्या शहरातली वेळ लिहून कळवा. हिशेब त्याच्यावर सोडू नका.

वक्ते: अनुभव असलेली माणसं साक्षीदार नव्हेत

या कार्यक्रमाचा खरा कस इथे लागतो, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

नेहमीची मांडणी अशी असते: तीन अभ्यासक विश्लेषण करतात, आणि शेवटी एक निर्वासित किंवा स्थलांतरित ‘आपला अनुभव’ सांगतो. श्रोते हळहळतात आणि टाळ्या पडतात. या मांडणीत अभ्यासकांकडे ज्ञान आणि त्या व्यक्तीकडे फक्त दुःख उरतं. हे बदलायचं तर तिला तिच्या कामावरून बोलवा. ती वकील असेल, परिचारिका असेल, कामगार संघटक असेल, कवी असेल. तिच्यापुढे तोच प्रश्न ठेवा जो अभ्यासकांपुढे ठेवला आहे, आणि वेळही तेवढाच द्या. एका कार्यक्रमात अशी किमान दोन माणसं असावीत. एकच असली तर श्रोते तिला अख्ख्या समुदायाची प्रतिनिधी समजतात आणि तिच्यावर नको तो भार पडतो. त्यांना प्रश्न ठरवण्याच्या टप्प्यावरच सोबत घ्या. सगळं ठरल्यावर दिलेलं आमंत्रण केवळ शोभेचं राहतं.

आमंत्रणाबरोबर या गोष्टी लेखी आणि त्यांच्या सोयीच्या भाषेत कळवा: सत्राचा प्रश्न, सोबतचे वक्ते, श्रोते कोण आणि अंदाजे किती, चित्रीकरण होणार का, पत्रकार असतील का, मानधन किती आणि कधी. मग संमती विचारा. संमतिपत्रावर एकच सही घेऊन मोकळं होऊ नका. नाव जाहीर करणं, छायाचित्र, आवाजाची नोंद, थेट प्रक्षेपण आणि नंतर संकेतस्थळावर ठेवणं, या पाचही गोष्टींना वेगवेगळी हो-नाहीची चौकट हवी. एखाद्या व्यक्तीला सभागृहात बोलायला हरकत नसते, पण तिचा आवाज मायदेशातल्या यंत्रणेपर्यंत पोचला तर मागे राहिलेले नातेवाईक अडचणीत येऊ शकतात. ज्याचा अर्ज प्रलंबित आहे त्याचं जाहीर बोलणं पुढे त्याच्या जबाबाशी ताडून पाहिलं जाऊ शकतं, म्हणून त्याने आपल्या वकिलाला आधी विचारावं, एवढं तुम्ही जरूर सुचवा.

प्रवासाची, छळाची किंवा कुटुंबाच्या मृत्यूची हकिगत विचारू नका. ती सांगायची की नाही हे त्या व्यक्तीच्या हातात राहू द्या. प्रश्न आठवडाभर आधी दाखवा, एखादा वगळण्याची मुभा द्या, आणि ‘थांबूया’ असं सुचवणारी एक खूण सूत्रसंचालकाशी ठरवून ठेवा. मंचाजवळ एक शांत खोली मोकळी ठेवा. सोबत विश्वासाचं माणूस आणायचं असेल तर त्याच्याही प्रवासाचा खर्च धरा. अल्पवयीन मुलांना या विषयावर मंचावर आणू नका.

व्हिसा, प्रवास आणि मानधन

परदेशातून येणाऱ्या वक्त्यासाठी निमंत्रणपत्र किमान चार महिने आधी निघायला हवं. पत्रात पारपत्राप्रमाणे अचूक नाव, जन्मतारीख आणि पारपत्र क्रमांक, कार्यक्रमाच्या तारखा आणि ठिकाण, खर्च कोण करणार, राहण्याची सोय, आणि सही करणाऱ्याचं पद व संपर्क असावा. नावातला एका अक्षराचा फरकही अर्ज अडवतो. तिकीट व्हिसा मिळाल्यावरच काढा किंवा रद्द करता येईल असंच घ्या. व्हिसा नाकारला जाईल हे गृहीत धरूनच पर्यायी आखणी तयार ठेवा: ध्वनिचित्रित भाषण आधीच घेऊन ठेवा आणि प्रश्नोत्तरांसाठी ऑनलाइन जोडणीची चाचणी करा. स्थलांतरावरच्या कार्यक्रमात वक्त्याला व्हिसा न मिळणं ही विरळा घटना नाही.

मान्यता मिळालेल्या निर्वासिताकडे पारपत्राऐवजी १९५१च्या करारानुसार दिलेलं प्रवासपत्र असू शकतं. काही देश ते पारपत्रासारखं मानत नाहीत, शिवाय परत येण्याच्या परवानगीची मुदतही पाहावी लागते. आश्रयार्थीला बहुतेक वेळा देशाबाहेर पडताच येत नाही. त्याला ‘प्रयत्न करून पाहा’ असं सुचवणंही धोक्याचं आहे, कारण बाहेर गेल्याने त्याचा अर्जच बाद होऊ शकतो.

मानधनाबाबत दोन अडचणी येतात. पहिली, काहींना काम करून पैसे घ्यायची परवानगी नसते. मानधन स्वीकारल्याने त्यांचा राहण्याचा परवाना किंवा सरकारी मदत धोक्यात येऊ शकते. म्हणून देण्याआधी विद्यापीठाच्या लेखा विभागाला आणि त्या व्यक्तीला विचारा, आणि गरज पडली तर प्रवासखर्च किंवा पुस्तकं असा मान्य पर्याय शोधा. दुसरी, विद्यापीठं खर्चाची भरपाई पावत्या पाहून आठवड्यांनी करतात. पगारदार प्राध्यापकाला हे चालतं, हंगामी कामगाराला नाही. त्याचं तिकीट आणि राहणं तुम्हीच थेट भरा. अभ्यासकाला मानधन आणि स्थलांतरिताला फक्त प्रमाणपत्र, असं मात्र कधीही करू नका.

भाषा आणि दुभाषे

अंदाजपत्रकात कात्री लागली की आधी दुभाष्याचा खर्च उडवला जातो. तो शेवटी उडवा. छपाई, फलक आणि स्मृतिचिन्हं आधी जाऊ द्या.

दोन पद्धती आहेत. पहिलीत वक्ता थांबतो आणि मग दुभाषा सांगतो. याला उपकरणं लागत नाहीत, पण वेळ जवळजवळ दुप्पट होतो. २० मिनिटांच्या भाषणाला ४० मिनिटं धरा. दुसरीत बोलणं चालू असतानाच अनुवाद होतो. त्यासाठी ध्वनिरोधक कक्ष, श्रोत्यांसाठी हेडफोन आणि प्रत्येक भाषाजोडीमागे दोन दुभाषे लागतात. ते साधारण २० ते ३० मिनिटांनी आलटून पालटून काम करतात, कारण त्यापुढे अचूकता घसरते. ‘एकाच दुभाष्यावर दिवस निभावू’ हा हिशेब दुपारपर्यंत कोसळतो. भाषणाचं टाचण, सरकचित्रं आणि नावांची व संज्ञांची यादी दुभाष्यांना आठवडाभर आधी द्या.

भाषा नेमकी विचारा. ‘कुर्दी’ एवढंच लिहिलं तर तिच्यातली कुर्मांजी बोली बोलणाऱ्यासमोर सोरानी या दुसऱ्या बोलीचा दुभाषा येऊन बसतो. अरबीच्या बोलींत इतकं अंतर आहे की मगरेबातल्या (वायव्य आफ्रिकेतल्या) माणसाचं घरगुती बोलणं इराकी दुभाष्याला कळेलच असं नाही. देशावरून भाषा ठरवू नका. इरिट्रियातून आलेली व्यक्ती तिग्रिन्या बोलत असेल, तिग्रे बोलत असेल किंवा अरबी.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. दुभाषा त्याच छोट्या समुदायातला असेल तर तो वक्त्याला ओळखत असण्याची शक्यता मोठी असते. तो विरोधी राजकीय गटातलाही असू शकतो. नाव आधी वक्त्याला कळवून त्याची हरकत नाही ना, हे विचारा. सोबत आलेल्या मुलाला किंवा नातेवाइकाला दुभाषा करू नका.

सत्राची रचना

९० मिनिटांचं सत्र असं बसतं: प्रश्नाची ओळख ५ मिनिटं, तीन वक्ते प्रत्येकी १५, त्यांच्यातल्या मतभेदावर सूत्रसंचालकाने घडवलेला संवाद १०, आणि प्रश्नोत्तरं ३०. चौथा वक्ता घातला की प्रश्नोत्तरं संपली म्हणून समजा. थांबून अनुवाद होणार असेल तर दोनच वक्ते ठेवा. स्वागत, दीर्घ परिचय आणि सत्कार यांत अर्धा तास जाऊ देऊ नका. परिचय छापील द्या.

प्रश्नोत्तरांत तीन गोष्टी बिघडतात: कोणीतरी भाषण करतं, कोणीतरी वक्त्याच्या खासगी आयुष्यात शिरतं, कोणीतरी समुदायावरच आरोप करतं. सुरुवातीलाच नियम सांगा: एक मिनिट, एक प्रश्न, आणि तो सत्राच्या प्रश्नाशी जोडलेला. फिरता माइक स्वयंसेवकाच्याच हातात राहू द्या. चिठ्ठीवर प्रश्न लिहून घेण्याची सोयही ठेवा, दुसऱ्या भाषेतले आणि बुजरे श्रोते त्यातून बोलतात. पहिला प्रश्न विद्यार्थ्याला द्या. खासगी प्रश्न आला तर उत्तराची जबाबदारी वक्त्यावर न टाकता सूत्रसंचालकानेच ‘हा प्रश्न आपण घेत नाही’ असं सांगावं. विरोधी मताला मात्र जागा द्या. स्थलांतरावर निर्बंध हवेत असं मानणारा विद्यार्थी गप्प बसवला गेला तर चर्चा अर्धी राहते. माणसांची अवहेलना आणि धोरणाला विरोध यांतली रेषा सूत्रसंचालकाला आधीच स्पष्ट हवी.

धोरणकर्ते किंवा अधिकारी मोकळेपणाने बोलावेत अशी इच्छा असेल तर एखादं सत्र चॅटम हाउसच्या नियमाखाली घ्या. त्यात ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कोणी सांगितली आणि तिथे कोण होतं हे उघड करता येत नाही. अशा सत्राचं चित्रीकरण अर्थातच नसतं.

प्रदर्शन आणि चित्रपट

पोशाख, नाच आणि पदार्थ यांचा मेळा भरवून ‘संस्कृती’ दाखवता येते, पण तिचा सत्राच्या प्रश्नाशी संबंध उरत नाही. प्रश्नाला धरून वस्तू मागवा: पत्रं, पैसे पाठवल्याच्या पावत्या, शाळेच्या वह्या, प्रवासात सोबत ठेवलेली एखादी वस्तू. प्रत्येक वस्तूसाठी उसनवारीचा कागद करा आणि त्यात मालक, वस्तूची आजची अवस्था, परतीची तारीख आणि नुकसान झाल्यास काय, हे लिहा. ओळखपत्रं आणि पारपत्रं मूळ ठेवू नका. प्रत लावा आणि क्रमांक, चेहरा, पत्ता झाका. कागद आणि कापडावर प्रकाश ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजायचं एकक) जास्त पडू देऊ नका, नाहीतर रंग उडतो. चित्रांचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. माहितीपट्टी ६०-७० शब्दांची पुरे, आणि ती मालकाला वाचून दाखवल्याशिवाय छापू नका.

चित्रपटाची तबकडी विकत घेतली किंवा घरच्या सदस्यत्वावर तो दिसतो, म्हणून तो सभागृहात दाखवण्याचा हक्क मिळत नाही. सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी वितरकाकडून लेखी घ्या. उपशीर्षकं शेवटच्या रांगेतून वाचता येतात का, हे आदल्या दिवशी बसून पाहा.

प्रक्षेपण, आणि कार्यक्रम संपल्यावर

ऑनलाइन श्रोत्यांना चित्र थोडं खराब चालतं, आवाज नाही. सभागृहातला प्रत्येक प्रश्न माइकवरच घ्या, नाहीतर त्यांना नुसती उत्तरं ऐकू येतात. थेट प्रक्षेपणाऐवजी नोंद करून दोन दिवसांनी टाकणं अधिक सुरक्षित, कारण चुकून उच्चारलेलं नाव काढता येतं. ज्यांना कॅमेऱ्यात यायचं नाही त्यांच्यासाठी रांगा राखून ठेवा आणि तसं दारावरच लिहा. छायाचित्रं प्रसिद्ध करण्याआधी त्यांच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेली स्थळाची माहिती पुसा.

श्रोत्यांच्या प्रतिक्रिया किंवा वक्त्यांची भाषणं पुढे संशोधनात वापरायची असतील तर नैतिकता समितीची मान्यता कार्यक्रमाआधी घ्यावी लागते. नंतर मागून उपयोग नसतो.

दोन आठवड्यांच्या आत प्रत्येक वक्त्याला त्याची ध्वनिचित्रफीत आणि उद्धृत होणारी वाक्यं पाठवा, आणि मागे घ्यायची असल्यास कोणाला, कधीपर्यंत कळवायचं ते लिहा. चर्चेचा दोन पानी सारांश काढा, तो समुदायाच्या भाषेतही करा आणि सहभागी संघटनांना द्या. मानधन जमा झालं का हे लेखा विभागाकडून स्वतः तपासा. नोंदणीच्या यादीत स्थलांतरितांची नावं, दूरध्वनी आणि कधी कधी राष्ट्रीयत्वही असतं. हिशेब पूर्ण होताच ती यादी सगळ्या संगणकांवरून, सामायिक फोल्डरमधून आणि स्वयंसेवकांच्या फोनमधून पुसा, आणि हे काम कोणी करायचं त्याचं नाव पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.